शंभरातले किती

सकाळी चहा पिता पिता प्रसेनजितनं पडद्यावरचा एक आकडा पाहिला आणि कप तसाच खाली ठेवला. त्याच्या आयुष्यातल्या खळबळजनक घटनांची कुणी यादी केलीच, तर ही बरीच वर बसेल. आकडा चांगला होता, आणि तेच वाईट होतं. अकोल्याच्या सुगती सांधेरोपण केंद्राची जाहिरात गूगलवर शंभर जणांना दिसली की साधारण चार जण तिच्यावर बोट दाबत. चाराचे साडेचार झाले की पुण्याच्या ऑफिसातून नीलिमा मॅडम टाळ्या वाजवणारे दोन हात पाठवत. साडेतीन झाले की 'जरा बोलूया का?' असं विचारत. गेली दोन वर्षं तो ह्या अर्ध्या माणसाच्या मागे होता. हा अर्धा माणूस त्यानं कधी पाहिला नव्हता, पण त्याची झोप, त्याचं जेवण आणि बायकोशी बोलण्याचा त्याचा सूर त्या अर्ध्या माणसाच्या मर्जीवर चालत असे. आणि आज एका ओळीसमोर आकडा होता : शंभरातले एकसष्ट. एकसष्ट टक्के माणसं ह्या देशात आपण होऊन कशावरही बोट ठेवत नाहीत. मतदानाच्या दिवशीसुद्धा त्यांना आणायला जीप पाठवावी लागते.

रिसोडला एका आडत्याच्या गोदामावरची खोली त्यानं भाड्यानं घेतली होती. बायको, सपना, तिथल्या शाळेत शिकवायची, म्हणून रिसोड. त्याचं ऑफिस पुण्यात होतं, म्हणजे कुठंच नव्हतं. खाली दिवसभर सोयाबीन चाळायची मशीन घरघरत राही, आणि तिचा भुसा जिन्यावरून चढून त्याच्या कीबोर्डात येऊन बसे. आडत्याला वाटे, वरचा पोरगा कंप्यूटरवर पत्ते खेळतो. प्रसेनजितलाही अलीकडे तसं वाटू लागलं होतं, फक्त ह्या डावात आपले पत्ते कुणी वाटले ते कळत नव्हतं. खाली चाळणी होती आणि वरही चाळणीच होती. लोक गूगलला काय काय विचारतात त्याची लांबलचक यादी रोज त्याच्यासमोर उघडायची आणि तिच्यातला खडा-माती त्यानं बाजूला काढायचा. 'गुडघा बदलण्याची शस्त्रक्रिया' हा दाणा. 'गुडघेदुखी घरगुती उपाय' हा खडा. 'मोफत' हा खडा. 'सरकारी दवाखाना' खडा. 'गुडघ्याला लावायचा पाला' खडा. एकदा खड्यांच्या डब्यात शब्द टाकला की तो शब्द घेऊन येणाऱ्याला जाहिरात दिसतच नाही. दारात येण्याआधीच तो परत गेलेला असतो आणि आपण परत गेलो हेही त्याला कळत नाही. सुरुवातीला प्रसेनजितला ह्या कामाची मौज वाटली होती. नंतर शीण आला. मग शिणाचीही सवय झाली. 'आई रडते पाय दुखतो रात्री' असं कुणीतरी विचारलेलं असे, आणि तो त्यातला 'रडते' खडा की दाणा ह्याचा विचार करत अर्धं मिनिट बसे. रडणारी माणसं दाबतात, पण पुढं फोन करत नाहीत. म्हणजे खडा.

एकसष्टवाली ओळ अशी होती : 'पायरी उतरतानी गुडघा कायले वाजते'. त्यानं ती दोनदा वाचली. असं कुणी लिहीत नाही. लिहिताना माणसं शाळेत असल्यासारखी लिहितात. 'कायले' तोंडात ठेवतात आणि बोटातून 'का' काढतात. एखादा विसरून लिहील, पण ही ओळ दोन दिवसांत कितीतरी फोनांवरून आली होती, काना-मात्रेसकट अगदी तशीच, जणू एकच गुडघा घरोघर जाऊन वाजत होता. ओळ ओळखीची होती. म्हणजे शब्द नव्हेत, त्यांची चाल. 'कायले'वर किंचित थांबून पुढे जाणारा एक आवाज त्याच्या कानामागे उभा होता, पण तोंड पुढं करत नव्हता. ही माणसं कुठली ते त्यानं उघडून पाहिलं. मालेगाव. नाशिककडचं नव्हे, वाशीमकडचं; हा फरक मशीनला कळतो, पुण्यातल्या लोकांना अजून समजावून सांगावा लागतो. नकाशा मोठा करत नेला तसा तो किन्हीराजावर आला. किन्हीराजापासून आत वळलं की जिथं डांबर संपतं तिथं खैरवाडी आहे. खैरवाडीत त्याचे आई-बाप आहेत.

फोन वाजला. नीलिमा मॅडम.

"प्रसेनजित, जरा बोलूया का?"

"बोला मॅडम."

"हा मालेगावचा काय प्रकार आहे? क्लायंटचा फोन होता. क्लिक्स इतके, प्रत्येक क्लिकचे पैसे त्यांना पडतात, आणि दवाखान्यात चौकशीचा फोन एकही नाही. ते सरळ म्हणाले, तुमचाच माणूस कुणाकडून तरी दाबून घेतोय."

"मी नाही मॅडम."

"मला माहितीये रे. पण तुझं गाव तिकडेच कुठंतरी आहे ना?" इथं त्या जरा थांबल्या. पुण्यातली माणसं वाईट बोलायच्या आधी थांबतात. वऱ्हाडात वाईट बोलून झाल्यावर थांबतात. "हे बघ, चार वाजता त्यांच्याबरोबर कॉल आहे. तोवर हे बंद झालेलं दिसलं पाहिजे. नाहीतर तुझ्या नावावर हे अकाउंट मला ठेवता येणार नाही. आणि तुझ्याकडे दुसरं अकाउंट नाहीये, हे तुलाही माहितीये."

त्याला माहीत होतं. त्यानं बापाला फोन लावला. देवमनराव म्हणजे देवमन कंडक्टर. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण फोन उचलल्यावर ते अजूनही आधी 'हां, बोला, कुठं?' म्हणतात. मागून माणसांचा गलका ऐकू येत होता. पुष्कळ माणसं, आणि त्यांत एक बाई 'मायं चाक फिरूनच राह्यलं, उघडून नाही राह्यलं' म्हणून तक्रार करत होती.

"बाबा, कुठं हाये तुमी?"

"फाट्यावरच्या शेडात. कामात हावो. तुयंच काम चालू हाय," देवमन म्हणाले, आणि फोन तोंडापासून दूर न नेताच ओरडले, "हिरीबाई, येकडाव दाबलं ना? मंग झालं. दुसऱ्यांदा नोको दाबू. येका मानसाले येकच तिकीट!"

तेव्हा त्याला दिवाळी आठवली. दिवाळीच्या सुटीत ओट्यावर बसून बापानं पहिल्यांदाच विचारलं होतं, की बाबू, तू करतं तरी काय? लोक पुसतात. सैन्यातल्या पोराचा बाप सांगते, तलाठ्याचा बाप सांगते, मी काय सांगू? आणि प्रसेनजितनं, दोन वर्षांत कुणी विचारलं नव्हतं म्हणून असेल, मन लावून सांगितलं होतं. शंभर जणांना जाहिरात दिसते. त्यातले चार दाबतात. चाराचे दोन झाले की गूगल म्हणते, ही जाहिरात लोकांना नको आहे. मग ती खाली खाली सरकवते, महाग करते, आणि शेवटी मालक ती बंदच करतो. बाप मान हलवत ऐकत होता. मध्येच त्याचे डोळे चमकले होते. प्रसेनजितला वाटलं होतं, समजलं. आणि खरोखरच समजलं होतं. एवढं गेल्या दोन वर्षांत पुण्याच्या मीटिंगांमधून कुणालाही समजलं नव्हतं. "म्हन्जे आपल्या मुक्कामी गाडीसारखं," देवमन म्हणाले होते. "भारमान."

रिसोड-खैरवाडी ही मुक्कामी गाडी. संध्याकाळी यायची, रात्रभर गावात उभी राहायची, पहाटे परत निघायची. गाडीत माणसं किती, ह्याचं भारमान डेपोत रोज लिहिलं जाई आणि ते घसरलं की साहेब म्हणत, रूट बंद. ज्या साली प्रसेनजित रिसोडच्या कॉलेजात जाऊ लागला, त्याच साली भारमान घसरलं. तेव्हा देवमन कंडक्टर पहाटे उठून, बिल्ला लावून, आधी घरोघर फिरला होता. पुंजाजी पाटलाच्या दारात उभा राहिला होता, उंबऱ्याच्या बाहेर, जिथं त्याचा बाप उभा राहायचा तिथंच. पण बिल्ला लावून. पाटील, किन्हीराजापावतर तरी या, चहा पिऊन परत पायी या, पाय मोकळे होतीन. म्हाताऱ्यांना म्हणाला, बाया-बाया बसा, शिरपूरच्या देवळाचा कळस तं पाह्यता येईन. लोक हसले, पण बसले. काम नसताना बसले, तिकीट काढून बसले. त्या गाडीत कोण कुणाशेजारी बसलं ह्याकडे गावानं पहिले काही दिवस लक्ष दिलं, मग भारमानापुढं सोडून दिलं. गावानं देवमनचं कधी फार ऐकलं होतं असं नाही. पण तिकीट मात्र त्याच्याच हातून घ्यावं लागे, आणि उरलेली चिल्लर त्याच्याच हातून आपल्या हातात. गाडी वाचली. त्या बिनकामाच्या प्रवाशांच्या गुडघ्यांना गुडघे लावून प्रसेनजित तीन वर्षं कॉलेजात गेला आणि इंग्रजी शिकला, कंप्यूटर शिकला, आणि शेवटी शंभरातले किती दाबतात ते मोजायला लागला. आता ह्या माणसाला कोणत्या तोंडानं सांगायचं, की बाबा, बिनकामाचे प्रवासी भरणं हा गुन्हा आहे?

"बाबा," तो म्हणाला, "हे कायले करून राह्यले तुमी?"

"कायले म्हन्जे? तुया रूट नाही बंद होऊ द्यायचा. गावच्या ग्रुपवर टाकलं म्या. काय लिवाचं, कुठं दाबाचं, समदं. आन आइक," आवाज खाली आला, त्यात एक गुपित होतं आणि गुपितात एक गुदगुली, "पाटलाच्या घरातून चौघायनं दाबलं. पुंजाजीनं सोता. म्हने देवमन, तुया पोराची गाडी हाय तं बसलंच पायजे. माह्या हातून नाही दाबून घेतलं बाबू, मायाच फोनवर दाबलं त्यानं, त्याच्याले नेट नोहोतं. मायाच फोन, हातात घेऊन."

खालची मशीन बंद पडली आणि एकदम इतकं शांत झालं की आपण ओरडलो की काय असं त्याला वाटलं. त्याच्या डोळ्यांपुढं पुंजाजी पाटलाचा अंगठा आला. त्या अंगठ्याखाली त्याच्या बापाचा फोन, फोनमध्ये त्यानं लिहिलेली जाहिरात : 'पुन्हा चाला, पुन्हा जगा.' ही ओळ त्यानं नऊ वेळा बदलून लिहिली होती. चौदा एप्रिलला गावातून मिरवणूक निघायची तेव्हा पाटलाच्या घरची खिडकी लागलेली असे. अलीकडे उघडी असते. एवढ्या वर्षांत एक खिडकी. आणि इथं एका सकाळी चौघांनी दाबलं. शंभरातले एकसष्ट म्हणजे खैरवाडीचं आजवरचं सर्वांत मोठं एकमत होतं. ते कुठल्या निवडणुकीत झालं नाही, नळयोजनेवर झालं नाही. झालं ते अकोल्यातल्या एका दवाखान्याच्या जाहिरातीवर, जिचा मालक ह्या क्षणी त्यांना चोर समजत होता.

"पन ते वाक्य, बाबा? पायरीचं. ते कुठून आनलं?"

"ते? ते तुये मायचं. रोज सकाळी ओट्यावरून उतरली का म्हनते. म्हटलं गुडघ्याचीच जाहिरात हाय, तं मंग हेच लिवा."

त्यानं 'बरं' म्हटलं आणि फोन ठेवला. 'थांबवा' हा शब्द जिभेवर तयार होता, पण तो तिथंच राहिला. कानामागे उभ्या असलेल्या आवाजानं आता तोंड पुढं केलं होतं. आई. भागिरथाबाई. ओटा, ओट्याच्या तीन दगडी पायऱ्या, मधली हलणारी. आई उजवा हात भिंतीला लावून उतरते. ती केव्हापासून भिंतीला हात लावते? लहानपणी नव्हती लावत. डोक्यावर पाण्याची गुंडी घेऊन उतरायची, भिंत कुठली? दिवाळीत लावत होती का? दिवाळीत तो ओट्यावर बसून शंभरातले चार समजावत होता. आई आत-बाहेर करत होती. काहीतरी म्हणतही असेल. देशभरातल्या गुडघ्यांचं त्याला ठाऊक होतं. पावसाळ्यात गुडघे जास्त विचारतात, सोमवारी जास्त विचारतात, बायका दुपारी विचारतात आणि विचारताना 'माझा' लिहीत नाहीत, 'आईचा' लिहितात. एवढं सगळं ठाऊक होतं. आणि घरातला गुडघा त्याला यादीतून कळला. बरं, यादीनं तरी सांगितलं म्हणायचं. यादी नसती तर आई कशाला सांगणार? तिनं पायरीला विचारलं होतं, त्याला नव्हे.

साडेतीन वाजले. मॅडमचा संदेश आला : 'लोकेशन काढून टाक. आणि ती विचित्र ओळ पण ब्लॉक कर. क्लायंटला दोन्ही दाखवायचंय.' विचित्र. तो काम करू लागला. हात काम करत होते; हातांना त्याची गरज नव्हती. गाव काढून टाकायचं म्हणजे नकाशावर एक टाचणी टोचायची आणि तिच्याभोवती वर्तुळ आखायचं. वर्तुळातल्या माणसांना जाहिरात दिसत नाही. त्यानं टाचणी कुठं टोचावी ह्याचा जरा विचार केला. ग्रामपंचायतीवर टोचली. मग नकाशात आपलं घर शोधलं. ओढ्याच्या अलीकडे, विहाराच्या मागे, गावापासून जराशी सुटून असलेली पत्र्यांची रांग. वर्तुळ लहान करत आणलं, अगदी लहान केलं, तरी मशीन एका किलोमीटरखाली जाईना. गाव आणि वस्ती दोन्ही आत आली. पाटलाचा वाडा आत, विहार आत, फाट्यावरचं शेड आत. एवढ्या बारकाईनं माणसं निवडणाऱ्या मशीनला खैरवाडीत गाव कुठं संपतं आणि वस्ती कुठं लागते हे काही वेगळं काढता आलं नाही. प्रसेनजितला हसू आलं. आजोबा असायला पाहिजे होते. म्हणाले असते, बाबू, आपल्याले वायलं ठेवाची अक्कल तिच्याले नाही? सावकाश येईन. त्यानं 'वगळा' दाबलं.

मग ती ओळ. खड्यांच्या डब्यात 'मोफत', 'घरगुती', 'पाला', 'रडते' ह्यांच्या खाली त्यानं आईचं वाक्य लिहिलं. 'कायले'वर बोट किंचित थांबलं आणि पुढं गेलं. जतन केलं. पडदा म्हणाला, बदल लागू झाले. मशीनची अदब अशी असते की ती कधी विचारत नाही, हे तुम्ही काय केलंत.

चारला कॉल झाला. आकडा खाली येऊ लागला होता. क्लायंट 'गुड' म्हणाला. नीलिमा मॅडमनी अंगठा पाठवला आणि वेगळ्या ओळीत लिहिलं : 'मला माहीत होतं तू नाहीस. गावाकडची माणसं साधी असतात.' त्यानंही अंगठा पाठवला. नोकरी राहिली. नोकरी राहिल्यावर माणसाला जे वाटतं ते वाटायची तो वाट पाहत होता, तेव्हा आईचा फोन आला. आई सहसा फोन करत नाही. बापाच्या फोनमध्ये मागून बोलते.

"बाबू, जेवला?"

"जेवलो माय." जेवला नव्हता. "बाबा कुठं हायेत?"

"बसले हायेत तोंड घेऊन. म्हने गाडी गेली. कोनाच्याच फोनवर नाही दिसून राह्यली म्हन्ते. सपनाच्या शाळेचं कसं हाय?"

"बरं हाय. माय, तुया गुडघा दुखते?"

"नाही रे. कोन म्हन्ते?"

"अख्खं गाव म्हनून राह्यलं."

आई हसली. हसताना ती कुठंतरी बसली असावी. बसतानाचा 'आई गं' तिनं हसण्यात लपवला, पण तो फोनमध्ये आला. मागं कोंबडी कुरकुरत होती.

"बाबू, येक पुसू? ते दवाखान्यात बाई डॉक्टर असते काय?"

दोन वर्षं. नऊ वेळा लिहिलेली ओळ, हजारो शब्द चाळलेले, शंभरातले किती ते अर्ध्या माणसापर्यंत पाठ. आणि तिथं बाई डॉक्टर आहे की नाही, हे त्याला माहीत नव्हतं. ते कधी कुणी विचारलं नव्हतं. किंवा विचारलं असेल, आणि त्यानं डब्यात टाकलं असेल.

"पुसतो माय," तो म्हणाला. "तू पन दाबलं होतं काय, सगळ्यांसंगं?"

"म्या नाही. समद्यायनं दाबलं, पन त्यायचं काय, त्यायले तं बसून येवाचं होतं. माहं खरंच दुखते ना. दाबलं आन लागलेच बलावलं तं काय करतं? दोन दिस नुसतीच पाहून राह्यली व्हती. डॉक्टरचा फोटू चांगला हाय. आज मन केलं व्हतं. दुपारचं काम आवरून बसली, तुया बाबाचा फोन घेतला, लिवलं समदं. तं ते गेलंच. तुये बाबा म्हनतेत रूट बंद झाला. झाला काय रे?"

खाली मशीन पुन्हा सुरू झाली. पडद्यावर नकाशा तसाच उघडा होता. त्याच्या मधोमध ते छोटं, करडं, अगदी गोल वर्तुळ होतं.

"झाला माय," तो म्हणाला. "मी येतो उद्या. तुले घेऊन जातो अकोल्याले."

"येशीन कायनं?" आई म्हणाली. "गाडी तं केव्हाचीच बंद हाय."